पुदिना : त्याचा गुण आणि त्याची मर्यादा
(शिक्षक संमेलनातील भाषण)



आपल्या शाळांच्या परसबागांत मेथी, पालक, कोथिंबीर यांच्या जोडीला पुष्कळ ठिकाणी पुदिन्याचाही वाफा असतो. पोट दुखत असल्याची तक्रार घेऊन एखादे मूल आले की त्या वाफ्याकडे आपले लक्ष साहजिकच वळते. ही वनस्पती अशा वेळी कोठे उपयोगी पडते आणि कोठे पडत नाही, हे दोन्ही आपणांस ठाऊक असले पाहिजे. पहिली गोष्ट कळली तर मुलास आराम पडतो. दुसरी न कळली तर मोलाचा वेळ वाया जातो आणि प्रसंगी मूलही हातचे जाते.

प्रथम वनस्पतीची ओळख करून घेऊ. पुदिना हा तुळशीच्या कुळातील आहे. तुळशीची व पुदिन्याची डहाळी मुलांच्या हाती शेजारीशेजारी द्यावी. चौकोनी खोड, समोरासमोर येणारी पाने आणि पाने चुरडताच सुटणारा वास, हे साम्य मुले स्वतःच शोधून काढतील. पेपरमिंट या नावाने जगभर प्रसिद्ध असलेला पुदिना हा पाणपुदिना व बागेतील साधा पुदिना यांचा संकर होय. लिनिअसने १७५३ साली त्याचे शास्त्रीय नामकरण केले. हा संकर सहसा बी धरीत नाही. जमिनीलगत धावणाऱ्या खोडांपासूनच त्याची लागवड होते. आपल्या चटणीतला पुदिना बहुधा साधा पुदिना असतो. पेपरमिंटमध्ये मेंथॉल विपुल असते, साध्या पुदिन्यात ते फारच थोडे. म्हणून पेपरमिंटचे सगळे गुण आपल्या वाफ्यातील पुदिन्यास जसेच्या तसे लावू नयेत.

आता त्याच्या गुणाकडे वळू. आतड्यांच्या भिंतीत अनैच्छिक स्नायू असतात. ते आवळले म्हणजे पोटात कळ येते आणि वायू अडकून राहतो. स्नायू आवळण्यासाठी त्याच्या पेशींत कॅल्शियम शिरावे लागते. मेंथॉल त्या प्रवेशास अडथळा करते, म्हणून स्नायू सैल पडतो. आतड्यांच्या जुनाट, वारंवार उद्भवणाऱ्या विकारात पेपरमिंट तेलाच्या विशिष्ट वेष्टनाच्या गोळ्यांनी कळा कमी होतात, असे प्रयोगांत आढळले आहे. पानांच्या काढ्याविषयी तितका भक्कम पुरावा नाही. तरी जेवणानंतरचा जडपणा व वायू यांवर तो निर्धोक आणि सुखावह आहे.

काढ्याची कृती सोपी आहे. सात-आठ ताजी पाने स्वच्छ पाण्याने धुऊन कपात घालावी, वरून उकळते पाणी ओतावे आणि पाच-दहा मिनिटे झाकून ठेवावे. झाकण विसरू नये. सुगंधी तेल वाफेबरोबर उडून जाते, आणि गुण त्या तेलातच असतो. ज्यांना छातीत जळजळ होते त्यांनी मात्र पुदिना बेताने घ्यावा. अन्ननलिकेच्या खालच्या तोंडाशी असलेला स्नायूही त्याने सैल पडतो आणि आम्ल वर चढते.

आणखी एक गोष्ट आपल्या खेड्यांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. पुदिन्यास ओल आवडते, म्हणून तो अनेक घरी मोरीच्या सांडपाण्यावर वाढवितात. तीच पाने नीट न धुता चटणीत वाटली, तर पोटाचे औषध म्हणून आणलेली वस्तूच पोटाचा रोग देईल. शाळेचा वाफा स्वच्छ पाण्यावरच वाढवावा आणि त्याचे कारण मुलांस सांगावे. तसेच पुदिनाफूल, ओवाफूल व कापूर यांचे तीव्र थेंब लहान मुलांस कदापि देऊ नयेत. कापूर पोटात गेल्याने मुलास झटके येऊ शकतात. तान्ह्या मुलाच्या नाकाशी मेंथॉल लावणेही धोक्याचे आहे.

आता मर्यादा पाहू. जुलाब लागलेल्या मुलाच्या शरीरातून पाणी व क्षार निघून जातात, आणि प्राणास धोका असतो तो त्यामुळेच. हे पाणी पुदिना भरून काढीत नाही. ते जलसंजीवनीने भरून निघते. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली होती. शिरेतून द्यावयाचे सलाइन अपुरे पडले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे द्रावण तोंडाने पाजविले. पाजण्याचे काम पुष्कळ अंशी रुग्णांच्या नातेवाइकांनीच केले, आणि मृत्यूंचे प्रमाण शेकडा चारच्या खाली आले.

आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडे मिळणारी जलसंजीवनीची पुडी, तीवर लिहिल्याइतक्या स्वच्छ पाण्यात सबंध विरघळवावी. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. माप चुकू देऊ नये. जास्त मीठ अपायकारक असते. द्रावण घोटाघोटाने पाजावे. अन्न बंद करू नये, तान्ह्यास अंगावरचे दूध चालूच ठेवावे. जस्ताच्या गोळ्या आरोग्य केंद्राच्या सल्ल्याने चौदा दिवस द्याव्या.

डोळे खोल गेले, लघवी कमी झाली, चिमटीत धरलेली त्वचा हळूहळू पूर्ववत होऊ लागली, मूल मलूल झाले, शौचातून रक्त पडले, किंवा उलट्या थांबेनात, तर विलंब न करता डॉक्टरांकडे न्यावे. बेंबीभोवती सुरू होऊन उजव्या बाजूस खाली सरकणारी वेदना हीसुद्धा काढा पाजून वाट पाहण्याची वेदना नव्हे. अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी.

बंधुभगिनींनो, घरगुती औषधास हसणे योग्य नाही आणि त्याचा अतिरेकही योग्य नाही. आपल्या शब्दास गावात मान आहे. आई-आजी शाळेत ऐकलेली गोष्ट मुलाच्या तोंडून मनापासून ऐकतात. म्हणून या पावसाळ्यापूर्वी परसबागेच्या तासास दोन धडे एकत्र द्यावे : एक पुदिन्याचा वाफा लावण्याचा, आणि दुसरा प्रत्येक मुलाकडून एक लिटर जलसंजीवनी अचूक मापाने करून घेण्याचा. पहिल्याने मुलांस सृष्टीची ओळख होईल. दुसऱ्याने कदाचित एखाद्याचे धाकटे भावंड वाचेल.