हातभर केबलीतील गळती

१९९६ च्या पावसाळ्यात मी माझ्या जुन्या ३८६ संगणकाला बाहेरून जोडायचा एक नवा मोडेम आणला. वेग सेकंदाला २८,८०० बिट, म्हणजे आधीच्या मोडेमच्या बारापट! परंतु फाइल उतरू लागली की चूक व्हावी, तोच तुकडा पुन्हा यावा, पुन्हा चूक; टेलिफोनचे मीटर तेवढे न चुकता पुढे जाई. मी दोष दिला तारांना. लाइनमनला दोनदा बोलावले आणि दोन्ही वेळा नको ते बोललो.

तो शुद्ध अन्याय होता. तारेवर बिघडलेला मजकूर असे मोडेम आपापसांत पुन्हा मागवून घेतात. मात्र हा बंदोबस्त एका मोडेमपासून दुसऱ्यापर्यंतच. तेथून संगणकापर्यंतच्या हातभर केबलीपलीकडे काय हरवते, याची त्यांना गंधवार्ता नसते.

तेथे सीरियल पोर्टावर एक चिप असते. १९८१ च्या आयबीएम पीसीत ती ८२५० होती, १९८४ च्या एटीत १६४५०. दोघींच्या ओंजळीत आलेले एकच अक्षर मावते. पुढचे अक्षर पुरे होण्याआधी प्रोसेसरने ते उचलले नाही, तर ते गेलेच. मोडेम मजकूर चौपटीपर्यंत दाबून पाठवू शकतो, म्हणून पोर्टाचा वेग १,१५,२०० ठेवावा लागतो. मग दर ८७ मायक्रोसेकंदांना एक अक्षर दारात उभे! साध्या डॉसमध्ये हे एक वेळ निभावते, विंडोज ३.१ मध्ये प्रोसेसर दहा कामांत गुंतलेला, हाकेला ओ येईपर्यंत दोन-चार अक्षरे वाहून जातात.

डॉसबरोबर मिळणाऱ्या एमएसडी प्रोग्रॅमने माझ्या पोर्टाची चिप सांगितली: ८२५०. उपाय होता १६५५०ए, जिच्यात १६ अक्षरांची रांग लागते. शेवटचा 'ए' पाहूनच घ्यावी, कारण मूळ १६५५० ची रांग सदोष होती. शिवाय प्रोग्रॅमने ती रांग चालू करावी लागते, एरवी नवी चिपही १६४५० सारखीच वागते. आणि 'जरा थांब' असे मोडेमला सांगणाऱ्या तारा केबलीत हव्यात. स्वस्त केबलीत नेमक्या त्याच गाळलेल्या असतात.

सुदैवाने माझ्या कार्डावरची चिप खोबणीत बसवलेली होती, डाक दिलेली नव्हती. चाळीस पायांची ती जुनी चिप जपून उपसली, नवी बसवली. त्या रात्री तीच फाइल एका दमात उतरली. बाहेर पाऊस कोसळतच होता.

लाइनमन पुढे शेजाऱ्यांकडे आला, तेव्हा त्याला बोलावून चहा दिला आणि खरे काय ते सांगितले.