भरतीपुरता व्यायाम



मनमाडहून काचीगुड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गाला ज्या ठिकाणी आदिलाबादचा फाटा फुटतो, त्या मुदखेड गावी पहाटेच्या अंधारात दोन प्रकारचे विद्यार्थी घराबाहेर पडलेले आढळतात. एक असतो तो पोलीस भरतीचे ‘ग्राउंड’ मारणारा. केंद्रीय राखीव पोलीस दलाचे प्रशिक्षण केंद्र गावाशेजारीच असल्यामुळे गणवेशाचा रुबाब त्याने बालपणापासून पाहिलेला असतो आणि त्या गणवेशापायी तो सोळाशे मीटरचे अंतर रोज घड्याळ लावून तोडीत असतो. दुसरा असतो तो पाठीवर जड दप्तर आणि हातात डबा घेऊन नांदेडची गाडी गाठणारा, वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या शिकवणीला ‘अपडाऊन’ करणारा. पहिल्याला आपण व्यायामपटू म्हणतो, दुसऱ्याला हुशार म्हणतो, आणि दोघांच्याही प्रकृतीविषयी निश्चिंत राहतो. ही निश्चिंती कितपत रास्त आहे, याचा थोडा विचार आज करावयाचा आहे.

प्रथम धावणाऱ्याकडे पाहू. शिपाईपदाच्या शारीरिक चाचणीस ५० गुण असतात. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे, शिवाय शंभर मीटरची धाव आणि गोळाफेक. ही तयारी करताना आमची मुले जे कष्ट उपसतात त्यांना तोड नाही, हे मी मनापासून कबूल करतो. परंतु या कष्टांचा हेतू एका यादीत नाव लागण्याइतकाच मर्यादित असल्यामुळे, यादी लागली की धावणे बरखास्त होते. ज्याचे नाव लागले तो नोकरीवर रुजू होऊन बंदोबस्त, रात्रपाळी आणि अवेळी जेवण यांत अडकतो. ज्याचे लागले नाही तो खिन्न होऊन घरी बसतो. आणि दोघांचाही खुराक मात्र धावण्याच्या काळात होता तेवढाच चालू राहतो. दोन-चार वर्षांत पोट सुटते, ते या हिशेबातील तफावतीमुळे. व्यायाम ही नोकरीच्या अर्जाला जोडावयाची एक सनद आहे, अशी समजूत एकदा रुजली की सनद दाखल झाल्यावर तिची नक्कलसुद्धा कोणी जवळ ठेवीत नाही.

दुसऱ्या विद्यार्थ्याची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. तो गाडीत बसतो, वर्गात बसतो, दुपारी अभ्यासिकेत बसतो आणि रात्री घरी येऊन पुन्हा पुस्तकापुढे बसतो. दिसावयास तो बहुधा किरकोळ असतो. ‘लेकरू अभ्यासानं वाळलं’ असे आई शेजारणीला सांगते. आणि जो वाळलेला आहे त्याच्या अंगी मेद असेल अशी शंकाही कोणाला येत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी नेमक्या याच समजुतीला धक्का दिला. त्यांनी आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच एक छायाचित्र छापले. उंचीच्या मानाने वजन किती हे दाखविणारा जो देहभारांक, म्हणजे किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारी संख्या, तो दोघांचाही २२.३ होता. परंतु युडकिन यांच्या शरीरात मेद होता ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. युडकिन मॅरॅथॉन धावणारे. आणि याज्ञिकांचा व्यायाम कोणता, तर रुग्णालयातील लिफ्टचे दार मिटण्यापूर्वी धावत जाऊन ते गाठणे, अशी थट्टा त्या लेखातच केलेली आहे! आईच्या पोटात असताना झालेली उपासमार हेही या फरकामागचे एक कारण असावे, असा त्यांचा तर्क होता. आणि दुष्काळाशी पिढ्यान्‌पिढ्या झुंजलेल्या मराठवाड्याने तो विशेष लक्षपूर्वक ऐकावा असे मला वाटते.

जेवणातून रक्तात आलेली साखर सामावून घेण्याचे मोठे काम स्नायूंचे आहे. स्नायू तोकडे आणि आळसावलेले असले म्हणजे तिचा निचरा मंदावतो, चरबी पोटाच्या आत यकृताभोवती साचू लागते, आणि बाहेरून सडपातळ दिसणारा तरुण आतून मधुमेहाच्या वाटेला लागतो. म्हणूनच आम्हा भारतीयांसाठी देहभारांकाची मर्यादा पाश्चात्त्यांहून खाली आणून २३च्या पुढे वजन जास्त आणि २५ पासून स्थूलता मानावी, असे तज्ज्ञांनी ठरविले. अठरा वर्षांखालील मुलांचे कोष्टक वयानुसार निराळे असते, ते डॉक्टरांकडूनच पाहून घ्यावे. पण ज्याला ही आकडेमोड नको असेल त्याने एक सुतळी घ्यावी, आपल्या उंचीएवढी कापून तिची बरोबर दुमड करावी आणि ती कमरेभोवती फिरवावी. टोके जुळली तर ठीक. न जुळली तर तराजू काहीही सांगो, दखल घेण्याची वेळ झाली आहे.

वजन म्हटले की ते घटविणे, एवढाच अर्थ अलीकडे रूढ झाला आहे, आणि मुली तर त्यापायी रात्रीचे जेवण सोडून देतात. त्यांनी कुस्तीगीर खाशाबा जाधवांचे उदाहरण अवश्य ध्यानी घ्यावे. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचा हा विद्यार्थी १९४८ साली लंडनला ५२ किलोच्या गटात लढला आणि सहावा आला. १९५२ साली हेलसिंकीस तो ५७ किलोच्या गटात लढला आणि स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन परतला. त्याला तेथे पाठविण्यासाठी प्राचार्य खर्डेकरांनी राहते घर गहाण टाकले होते. (विद्यार्थ्याच्या शरीरासाठी घर गहाण टाकणारा प्राचार्य आज कोठे मिळेल, हा प्रश्न मी विचारीत नाही, शाळेचे मैदान सायंकाळी उघडे ठेवणारा मिळाला तरी पुष्कळ झाले.) आपल्या लातूर जिल्ह्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले, तेही अन्नाशी वैर करून नव्हे.

अन्नाच्या बाबतीत तर आमच्याजवळ असलेलेच आम्ही गमावीत आहो. सोयाबीनने ज्वारीचे रान व्यापले, आणि खानावळीच्या ताटात मैद्याची पोळी व पांढरा भात आला. त्यावर सायंकाळी गाडीची वाट पाहताना वडा, भजी आणि दोन कप गोड चहा. ज्वारीच्या शंभर ग्रॅम धान्यात सुमारे दहा ग्रॅम प्रथिने आणि जवळजवळ तितकाच तंतुमय अंश असतो. परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी शक्ती’ नावाचे लोह आणि जस्त यांनी समृद्ध असे ज्वारीचे वाण काढले आहे. भाकरी, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी आणि जवसाची चटणी असा डबा ज्याला घरून मिळतो, त्याने व्यायामशाळेतील दुकानदाराच्या महागड्या भुकटीच्या डब्याकडे पाहण्याचे कारण नाही. मात्र वरण पातळ पाण्यासारखे नसावे, एवढे मी घरच्या मंडळींस विनवीन.

आता वेळेचा प्रश्न. जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी साठ मिनिटे श्वास वाढविणारी हालचाल सांगते, आणि किशोरवयाला झोप हवी आठ ते दहा तास. गाडीने ये-जा करणाऱ्याला सलग तास मिळणे दुरापास्त, हे मान्य. परंतु नांदेडच्या स्थानकावर उतरून रिक्षात कोंबून घेण्याऐवजी झपाझप शिकवणीपर्यंत चालणे, गाडीस विलंब झाला असता फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या घालणे, आणि सकाळी न्हाण्यापूर्वी दहा मिनिटे सूर्यनमस्कार व जोर-बैठका काढणे, यांस कोणाचा परवाना लागत नाही. निजामाच्या अमदानीत या मुलखात आखाडा काढावयाचा तर सरकारी मंजुरी लागे. परवाना लागत नसतानाही आपण व्यायाम टाळतो, हे ऐकून त्या काळची माणसे हसली असती.

मुलींची अडचण निराळी आहे. मैदान मुलांनी व्यापलेले असते, पहाटेच्या रस्त्यावर दिवे नसतात, आणि भरतीची तयारी करणाऱ्या मुलीबरोबर भावाला किंवा वडिलांना उठावे लागते. तिच्यासाठी शाळेचे आवार हीच सुरक्षित जागा. आणि शाळेच्या वेळापत्रकात शारीरिक शिक्षणाचा तास छापलेला असतोच. तो दहावीच्या वर्षी गणिताकडे किंवा विज्ञानाकडे वर्ग केला जातो, आणि त्याबद्दल कोणी पालक तक्रार करीत नाही, उलट आभार मानतो. माझी सूचना एवढीच की, पालकांनी चौघांच्या सह्यांनिशी मुख्याध्यापकांस लेखी अर्ज करावा, तो तास मुलामुलींना मैदानावरच मिळावा अशी मागणी करावी, आणि अर्जाची पोच घ्यावी. वेळापत्रक जूनमध्ये कायम होते. अर्ज त्यापूर्वी गेलेला बरा.