मधुमेही मुलांचे खाणे : वेळीच ओळखावयाच्या खुणा



मधुमेही माणसाच्या ताटाकडे सारे घर पाहात असते. भात किती घेतला, गोड खाल्ले काय, साखर किती आली, हे प्रश्न त्याला रोज ऐकावे लागतात. अशाने काहींच्या मनात अन्नाविषयीच भय निर्माण व्हावे, यात नवल नाही. कॅनडातील २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, इन्शुलिनवर असलेल्या किशोरवयीन मुलींत खाण्याचे विकार इतर मुलींच्या सुमारे दुप्पट आढळले.

लातूर व नांदेड येथे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या तयारीसाठी गावोगावची मुले-मुली येऊन राहतात. इन्शुलिन घेणारी एखादी मुलगी प्रथमच आईच्या नजरेआड होते, वसतिगृहात राहते, खानावळीत जेवते. इन्शुलिनने तिचे घटलेले वजन भरून आलेले असते. ‘जाड झालीस’ एवढा शेरा पुरतो. मग ती इन्शुलिन कमी घेते किंवा टाळते. साखर लघवीवाटे जाते, वजन उतरते. ताट मात्र रिकामे होत असते, म्हणून कोणास शंका येत नाही. या विकाराचा हाच सर्वांत घातक प्रकार होय.

जेवण नीट असूनही वजन घटणे, तहान व लघवी वाढणे, इन्शुलिनची कुपी ठरल्या वेळी न संपणे, नोंदवहीतील आकडे सुरेख पण तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी वाईट, चौघांत जेवण टाळणे, जेवताच न्हाणीघर गाठणे, या त्या खुणा. साखर एकाएकी उतरल्यावर सुटणारी खा-खा निराळी. तिला विकार समजू नये.

माहूरच्या रेणुकादेवीच्या नवरात्राचे उपवास मराठवाड्यात अनेक घरी होतात. श्रद्धेचा उपवास म्हणजे विकार नव्हे. परंतु सण सरला तरी उपवास सरत नसेल, रोज नवा वार निघत असेल, तर विचारपूस करावी. डॉक्टरांना न विचारता इन्शुलिन बंद करणे मात्र जिवावर बेतते.

रागावल्याने लपवाछपवी वाढते. ‘सुई घेणे जड जाते काय?’ असे शिक्षिकेने एकांतात विचारावे. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना कळवावे. मानसिक आरोग्यासाठी २०२२ पासून ‘टेलिमानस’ची १४४१६ ही मोफत दूरध्वनी सेवाही आहे.

उलट्या, पोटदुखी, जोराचा श्वास, तोंडाला पिकल्या फळासारखा वास, ही लक्षणे दिसल्यास मात्र चौकशीत वेळ न दवडता, रात्र असली तरी, त्याच घटकेस रुग्णालय गाठावे.