कुणाच्या गाडीशिवाय: सावित्रीबाईंच्या वाटेवर अर्धा दिवस

मी आपल्या भागातल्या महिला बचत गटांची समन्वयक. एरवी या कार्यक्रमात मी बचत, अंतर्गत कर्ज, बँकेचे हप्ते यांबद्दल बोलते. आज हिशेबाची वही जरा बाजूला ठेवू आणि फिरायला जाऊ. लांब कुठे नाही, आपल्या पुण्यातच. पण कुणाच्या गाडीशिवाय.

मागे एका गटाच्या मासिक बैठकीत मी विचारलं होतं, "वर्षभरात काहीही काम नसताना, नुसतं बघायला म्हणून शहरात कोण जाऊन आलं?" चौदा जणींपैकी दोघींनी हात वर केला. बाकीच्या गेल्या होत्या त्या दवाखान्यात, शाळेच्या प्रवेशाला, लग्नाच्या बस्त्याला. तेही कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून. एक मावशी म्हणाल्या, "जायचं तर खूप वाटतं गं, पण सोडणार कोण आणि आणणार कोण?"

मैत्रिणींनो, हा प्रश्नच आपल्याला घरात ठेवतो. नवऱ्याला सुट्टी नाही, मुलाला वेळ नाही, रिक्षा परवडत नाही, म्हणून आपलं जाणं राहतं. पण बस आहे, आता मेट्रो आहे आणि आपले दोन पाय आहेत. दिवसभर घरात आणि कामावर आपण किती चालतो, ते मोजायला कुणी बसत नाही. त्यातलं थोडं चालणं स्वतःसाठी चालू या.

आज सांगते ती फेरी दोन-तीन किलोमीटरची आहे. रमतगमत गेलं, तर अर्धा दिवस लागतो.

आधी जायचं कसं ते बघू. पिंपरी, कासारवाडी, दापोडी, खडकी या पट्ट्यातल्या बायकांनी स्वारगेटकडे जाणारी मेट्रो पकडायची आणि मंडई स्थानकावर उतरायचं. मधे गाडी बदलायची नाही. वनाज किंवा रामवाडीकडून येणाऱ्यांनी सिव्हिल कोर्टला उतरून दुसरी गाडी घ्यायची. जिथे मेट्रो नाही, तिथून पीएमपीएमएलच्या बसने स्वारगेट किंवा शनिवारवाड्यापर्यंत यायचं. मेट्रोत पहिल्यांदा बसणाऱ्यांनी बिचकू नका. खिडकीवर तिकीट मिळतं. त्यावरची चौकोनी खूण यंत्रासमोर धरली, की दार उघडतं. बाहेर पडतानाही तेच तिकीट दाखवायचं असतं, म्हणून ते टाकून देऊ नका. गुडघे दुखणाऱ्यांसाठी लिफ्ट आहे. आणि स्थानकात स्वच्छतागृह असतं. आपल्यातल्या निम्म्या जणी त्या एका काळजीने बाहेर पाणीसुद्धा पीत नाहीत, म्हणून मुद्दाम सांगते.

जमिनीखालून वर आलात, की जवळच मंडई. दगडी, अष्टकोनी इमारत आणि मधे उंच मनोरा. १८८६ साली ती सुरू झाली, तेव्हा गव्हर्नरच्या नावावरून तिला रे मार्केट म्हणत. जोतिराव फुले पुणे नगरपालिकेचे सभासद होते. मंडईच्या इमारतीवर एवढा पैसा घालायला त्यांचा विरोध होता. तो शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं. पुढे त्याच इमारतीला महात्मा फुले मंडई हे नाव मिळालं. भाजी घ्यायला आपण इथे आलेल्या असू, पण पिशवी भरण्याच्या घाईत वर मान करून मनोरा बघितलाय का? या वेळी बघा.

मंडईतून तुळशीबागेच्या गल्लीत शिरा. इथे मोटार शिरत नाही, चालणाऱ्यांचंच राज्य. भांडी, बांगड्या, देवाची उपकरणी. खरेदी परतताना करा, नाहीतर ओझं घेऊन फिरावं लागेल. गल्ली ओलांडून दगडूशेठ गणपतीकडे या. देवळासमोर भिडे वाड्याची जागा आहे. १८४८ साली जोतिराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली, ती इथे. जुना वाडा २०२३ च्या डिसेंबरात पाडला. त्या जागी राष्ट्रीय स्मारक करायचं ठरलं आहे.

इथे दोन मिनिटं उभ्या राहा. सावित्रीबाईंचा जन्म १८३१ चा. म्हणजे शाळा निघाली, तेव्हा त्या सतरा वर्षांच्या होत्या. आपल्याकडे बारावीला असलेल्या मुलीएवढ्या. शाळेत शिकवायला त्या पायी जायच्या. वाटेत लोक शेण आणि चिखल फेकायचे. शाळेत गेल्यावर बदलायला त्या एक जादा लुगडं जवळ ठेवत, असं सांगतात. आपण पुस्तकात वाचतो, की त्यांनी मुलींना शिकवलं. पण शिकवण्याआधी त्यांना रस्ता चालावा लागला. वर्गात पोचण्याची लढाई याच पेठांतल्या रस्त्यांवर झाली.

आता मागे फिरून, मंडईवरून गंज पेठेकडे चला. आज तिला महात्मा फुले पेठ म्हणतात. वाट विचारायला लाजू नका. "फुलेवाडा" म्हटलं, की कुणीही दाखवतं. वाटेत दमलात, तर चहा घ्या.

फुलेवाडा साधा आहे. कौलारू घर, अंगण, जोतिरावांची समाधी आणि पाण्याचा हौद. ज्यांना गावात कुणी पाणी भरू देत नव्हतं, त्यांच्यासाठी १८६८ साली जोतिरावांनी आपला हौद खुला केला. त्याआधी १८६३ मध्ये या दांपत्याने अडलेल्या विधवांसाठी बाळंतपणाची सोय केली. अशाच एका आईचं मूल त्यांनी दत्तक घेतलं, तो यशवंत.

२८ नोव्हेंबर १८९० ला जोतिराव गेले. दत्तक मुलाने टिटवं धरण्यावरून भाऊबंदांनी वाद घातला. तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या, टिटवं स्वतः हातात घेतलं आणि अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या. आजही कितीतरी घरांत बाई स्मशानाच्या वाटेला लागत नाही. त्या बाई एकशे तीसहून जास्त वर्षांपूर्वी सगळ्यांच्या पुढे चालल्या. त्यानंतर सहा वर्षांनी प्लेग आला. यशवंत डॉक्टर झाला होता. मुंढव्याकडच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाई त्याच्या दवाखान्यापर्यंत गेल्या. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या.

अंगणात बसून हे एकमेकींना सांगा. गटातल्या ज्या मुलीला वाचता येतं, तिला फलक मोठ्याने वाचायला लावा.

आता थोडं रोखठोक. या वाटेवर पदपथ सगळीकडे धड नाही. कुठे फरशी उखडलेली, कुठे दुचाकी लावलेल्या. मग आपण रस्त्यावर उतरतो आणि मागून हॉर्न वाजतो. २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की पदपथ वापरण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे. म्हणजे पदपथ मागणं हे उपकार मागणं नव्हे. मात्र एक लक्षात ठेवा. आपल्याच गटातल्या काही जणी पदपथाच्या कडेला भाजी आणि फुलं विकतात. पदपथ मोकळा हवा, याचा अर्थ त्यांची पाटी उचलून फेकावी, असा नाही. त्यांना ठरलेली जागा मिळावी आणि चालणाऱ्याला वाट मिळावी, दोन्ही एकाच अर्जात मागता येतं. पुण्यात २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन करतात. त्या दिवशी लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद असतो आणि बाया-माणसं रस्त्याच्या मधोमध चालतात. एक दिवस जमतं, तर आणखी दिवस का जमू नयेत, हे विचारायला हरकत नाही.

जाण्याची तयारी सोपी आहे. पाच-सहा जणी मिळून जा. सकाळी लवकर निघा, ऊन चढायच्या आत वाड्यावर पोचा. मऊ चपला, पाण्याची बाटली, छत्री किंवा टोपी घ्या. सणासुदीची गर्दी टाळा. सगळ्यांत हळू चालणाऱ्या बाईला पुढे ठेवा आणि तिच्या चालीने चाला. परतताना मंडईची मेट्रो किंवा स्वारगेटची बस आहेच.

पुढच्या बैठकीत हप्ते जमा झाले, की हा विषय घ्या आणि तारीख इतिवृत्तात लिहा. लिहिलेली तारीख सहसा मोडत नाही, हे आपल्याला बचतीवरून माहीत आहे. घरी कुणी विचारलं, "कोण सोडणार?" तर सांगा, मेट्रोने जातेय आणि मेट्रोनेच येतेय.