कचेरी कोठे असावी?
(नभोवाणीवरील भाषण)

बालाघाट शहरापासून थोड्याच अंतरावर भरवेली हे गाव आहे. तेथे मँगनीजची खाण असून देशातील अत्यंत खोल मँगनीज-खाणींत तिची गणना होते. या खाणीतून निघणारा काळा दगड पोलादाच्या कारखान्यांकडे जातो, कारण मँगनीजवाचून चांगले पोलाद होत नाही. शतकाहून अधिक काळ हे काम चालू आहे. एवढ्या काळात खाण जागची हलली नाही. परंतु तिच्याविषयी निर्णय घेणारी कचेरी मात्र हलत आली.

1896 साली मध्य प्रांतातील खनिजाचा शोध घेण्यासाठी एक इंग्रजी मंडळी स्थापन झाली. पुढे तिच्यातूनच विलायतेत नोंदलेली ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी’ उभी राहिली. भरवेलीच्या मजुराने जमिनीखाली उतरावे आणि त्याच्या घामाचा हिशेब सातासमुद्रापलीकडे व्हावा, अशी ती व्यवस्था होती. 1962 साली भारत सरकारने हा कारभार हाती घेतला व ‘मँगनीज ओअर (इंडिया) लिमिटेड’ ही कंपनी जन्मास आली. तिचे 51 टक्के भाग केंद्र सरकार आणि मध्य प्रदेश व महाराष्ट्र या दोन राज्यांकडे आले. उरलेले 49 टक्के भागही 1977 साली सरकारने घेतले. या कंपनीचे मुख्यालय दिल्लीस नाही. ते नागपुरास आहे.

ही निवड विचार करण्याजोगी आहे. कंपनीच्या खाणी बालाघाट जिल्ह्यात भरवेली, उकवा व तिरोडी येथे आहेत. नागपूर जिल्ह्यात मनसर, कांद्री व गुमगाव येथे आहेत. भंडारा जिल्ह्यात चिखला व डोंगरी बुजुर्ग येथे आहेत. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा या प्रदेशाच्या मधून सीमारेषा गेली. बालाघाट मध्य प्रदेशात राहिले आणि नागपूर प्रथम मुंबई राज्यात व 1960 साली महाराष्ट्रात आले. परंतु भूमीच्या पोटातील खनिजाचा पट्टा सीमारेषा पाहून वळत नाही. वैनगंगाही बालाघाटहून वाहत भंडाऱ्याकडे जाताना कोणाची परवानगी घेत नाही. जेथे खाणी तेथून जवळ कचेरी, हे तत्त्व राज्याची सीमा ओलांडूनही टिकले.

या एका खाणीच्या कथेत एका मोठ्या राष्ट्रीय प्रश्नाचे बीज आहे. केंद्र सरकारच्या असंख्य संस्था, मंडळे आणि संचालनालये राजधानीत एकवटली आहेत. त्यांपैकी काही देशाच्या इतर भागांत न्याव्यात काय? न्यावयाच्या झाल्यास कोणत्या, आणि कोठे? दिल्लीची गर्दी कमी व्हावी, मागासलेल्या भागास हातभार लागावा, शासन जनतेच्या जवळ यावे, असे तीन हेतू या संदर्भात सांगितले जातात. तिन्ही हेतू चांगले आहेत. परंतु हेतू चांगला असला म्हणजे कृती चांगली होतेच असे नाही, आणि याचा दाखला महाराष्ट्राच्या भूमीइतका दुसऱ्या कोणी क्वचितच पाहिला असेल. 1327 च्या सुमारास महंमद तुघलकाने राजधानी दिल्लीहून देवगिरीस आणली आणि तिला दौलताबाद हे नाव दिले. राज्याच्या मध्यभागी राजधानी असावी, हा विचार काही वेडेपणाचा नव्हता. किती माणसे दिल्लीहून हलविली गेली याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत; परंतु माणसांच्या सोयीगैरसोयीचा विचार न करता हुकमाने केलेले ते स्थलांतर काही वर्षांतच उलटले, याविषयी मतभेद नाहीत.

याउलट शांतपणे यशस्वी झालेली उदाहरणेही आपल्याच देशात आहेत. खाणींची तपासणी करणारी कचेरी 1902 साली कलकत्त्यास उघडली. 1908 साली ती कोळशाच्या खाणींच्या मध्यभागी, धनबादला नेण्यात आली. खाणमजुरांच्या सुरक्षिततेचे महासंचालनालय आजही तेथेच आहे. कॉफी मंडळ बंगळूरास आहे, रबर मंडळ कोट्टायमला आहे, चहा मंडळ कोलकात्यास आहे. 1948 साली स्थापन झालेल्या भारतीय खाण ब्यूरोचे मुख्यालय नागपुरास आहे. यांतील एकाही कचेरीबद्दल ‘ही दिल्लीत का नाही?’ असा प्रश्न कोणी विचारीत नाही. ज्या कामासाठी कचेरी आहे ते काम तिच्या आसपास चालू असते, हेच त्याचे कारण होय.

बालाघाट जिल्ह्यातच याची दुसरी बाजूही दिसते. मलाजखंड येथे तांब्याची प्रचंड उघडी खाण आहे. ती ‘हिंदुस्तान कॉपर’ या सरकारी कंपनीची असून कंपनीचे मुख्यालय कोलकात्यास आहे. तांबे सातपुड्यात आणि मुख्यालय गंगेकाठी, ही स्थिती इतिहासाने आली आहे. 1911 साली राजधानी कलकत्त्याहून दिल्लीस नेण्याची घोषणा झाली, तरी भूशास्त्रीय सर्वेक्षणासारख्या जुन्या संस्था कलकत्त्यासच राहिल्या आणि खनिजाच्या धंद्याचे वळण त्या बाजूस राहिले. कचेरी दिल्लीबाहेर असली म्हणजे ती आपोआप जनतेच्या जवळ असते, असे समजणे म्हणूनच बरोबर नाही. बालाघाटच्या माणसाला दिल्ली जशी दूर, तसेच कोलकाताही दूरच.

कचेऱ्या वाटण्याचा एक निराळा प्रयोग मध्य प्रदेशाने 1956 साली केला. त्यावेळी महाकोशल, मध्य भारत, विंध्य प्रदेश आणि भोपाळ हे भाग एकत्र आले. राजधानीचा मान भोपाळला मिळाला. मग इतर शहरांचे समाधान कसे करावयाचे? उच्च न्यायालय जबलपूरला गेले. लोकसेवा आयोग इंदूरला गेला. महसूल मंडळ ग्वाल्हेरला गेले आणि केंद्र सरकारच्या अखत्यारीतील महालेखापालांची कचेरीही ग्वाल्हेरलाच स्थिरावली. राजकीय दृष्टीने ही वाटणी शहाणपणाची होती. चार शहरांचा रुसवा निघाला आणि नवे राज्य एकजीव होण्यास मदत झाली. त्याचे मोल कमी लेखता येणार नाही.

परंतु बालाघाटच्या एखाद्या नागरिकाच्या डोळ्यांनी हा नकाशा पाहावा. 1956 पूर्वी राजधानी नागपूर होती आणि उच्च न्यायालयही नागपुरासच होते. एका गावी मुक्काम केला की चार कामे उरकत. त्यानंतर अपिलासाठी जबलपूर, मुलाच्या मुलाखतीसाठी इंदूर, मंत्र्याच्या भेटीसाठी भोपाळ आणि सरकारी नोकराच्या भविष्य निर्वाह निधीच्या हिशेबासाठी ग्वाल्हेर, अशा चार दिशा झाल्या. बालाघाट राज्याच्या आग्नेय टोकास, तर ग्वाल्हेर उत्तर टोकास! शहरांना मान मिळाला, पण माणसांचे हेलपाटे वाढले. कचेरी कोणत्या शहरास मिळाली, याची चर्चा फार होते. ती कोणापासून दूर गेली, याची चर्चा होत नाही.

यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे कचेरीबरोबर अधिकार जातो की केवळ पाटी जाते, ही होय. रेल्वेचे उदाहरण घ्यावे. गोंदियाहून बालाघाटमार्गे नैनपूर व जबलपूरकडे जाणारी सातपुड्यातील अरुंद लोहमार्गाची गाडी अनेकांना आठवत असेल. हा मार्ग बंगाल-नागपूर रेल्वेचा. त्याचे मुख्यालय कलकत्त्यास असे. 2003 साली दक्षिण पूर्व मध्य रेल्वे ही नवी रेल्वे कामास लागली आणि मुख्यालय बिलासपूरला आले. अंतर पुष्कळच घटले. तथापि गोंदिया ते जबलपूर हा रुंद मार्ग सलग पुरा होण्यास त्यानंतरही पंधरा वर्षांहून अधिक काळ लोटला. यात बिलासपूरचा दोष शोधणे अन्यायाचे ठरेल. मार्ग रुंद करण्याची मंजुरी आणि त्यासाठीचा पैसा दिल्लीच्या रेल्वे बोर्डाकडून यावयाचा होता. कागद कलकत्त्याऐवजी बिलासपूरहून दिल्लीस जाऊ लागला, एवढाच फरक. सही जेथे व्हावयाची तेथेच होत राहिली.

महाराष्ट्रीय वाचकांस नागपूरच्या हिवाळी अधिवेशनावरून हे सहज पटेल. 1953 च्या नागपूर करारात शासनाने ठराविक काळ नागपुरात येऊन राहावे व विधिमंडळाचे निदान एक अधिवेशन तेथे भरावे असे ठरले. त्याप्रमाणे दरवर्षी अधिकारी येतात, फायलींचे गठ्ठे येतात, मोर्चे निघतात, निवेदने दिली जातात. विदर्भाचे गाऱ्हाणे त्या काळात कानावर पडते, हा लाभ खराच. पण अधिवेशन संपले की फायली ज्या वाटेने आल्या त्याच वाटेने मुंबईस परततात आणि अधिकारही त्यांच्याबरोबर परततो.

परदेशांतील अनुभव याहून वेगळा नाही. अमेरिकेत सार्वजनिक जमिनींची व्यवस्था पाहणारी एक केंद्रीय संस्था आहे. तिच्या बहुतेक जमिनी पश्चिमेकडील राज्यांत आहेत. म्हणून 2019 साली तिचे मुख्यालय वॉशिंग्टनहून कोलोरॅडो राज्यातील ग्रँड जंक्शन या लहान शहरी नेण्याचे ठरले. तत्त्व अगदी बरोबर, धनबादचेच तत्त्व. पण अंमलबजावणी घाईची झाली. 328 जागा हलवावयाच्या ठरल्या असता 287 कर्मचारी निवृत्त झाले किंवा दुसरीकडे गेले, आणि 41 जणांनीच बदली पत्करली. त्यांतील अवघे तीन ग्रँड जंक्शनला पोहोचले. वर्षानुवर्षे साठलेले अनुभवाचे धन असे विखुरल्यावर 2021 साली मुख्यालय पुन्हा वॉशिंग्टनला नेण्याचा निर्णय झाला. दक्षिण कोरियाने 2012 पासून आपली बरीच मंत्रालये सेजोंग या नव्या शहरी हलविली. राष्ट्राध्यक्ष आणि संसद मात्र सोलमध्येच राहिली. परिणामी अधिकाऱ्यांचा पुष्कळ वेळ दोन शहरांमधील येरझाऱ्यांत जाऊ लागला.

कचेरी म्हणजे इमारत नव्हे, कपाटे नव्हेत. कचेरी म्हणजे माणसे. आणि माणसांच्या मागे त्यांचे संसार असतात. बदलीचा हुकूम एका कारकुनाच्या नावे निघतो, पण तो अमलात आणावा लागतो घरातील चार-पाच जणांना. पत्नीची नोकरी दुसऱ्या गावी असते. म्हाताऱ्या वडिलांचे औषधपाणी ठरलेल्या डॉक्टरांकडे चालू असते. मुलांच्या शिक्षणाची अडचण तर सर्वांत मोठी. सत्राच्या मध्यावर दुसऱ्या राज्यात आलेल्या मुलापुढे पुस्तके निराळी, शिक्षणाचे माध्यम निराळे, मित्र नवे. वर्गात पहिला येणारा मुलगा वर्षभर मुका बसतो. ज्या गावी कचेरी न्यावयाची तेथे आधी चांगली शाळा, इस्पितळ व राहण्याची घरे असली पाहिजेत. ती नसतील तर साहेब एकटा येतो, कुटुंब राजधानीत ठेवतो, आणि शुक्रवार दुपारपासून त्याचे लक्ष परतीच्या गाडीकडे लागते. अशा कचेरीपासून गावास लाभ तो कोणता व्हावयाचा?

राजधानीत एकत्र राहण्याची बाजूही न्यायाने ऐकली पाहिजे. अर्थ, संरक्षण, परराष्ट्र ही खाती परस्परांवर व संसदेवर अवलंबून असतात. दिल्लीत विखुरलेली मंत्रालये जवळ आणण्यासाठी ‘कर्तव्य भवन’ या नावाने इमारती बांधण्यात येत असून त्यांतील पहिली 2025 साली उघडली, ती याच विचाराने. धोरण ठरविणाऱ्यांनी एकमेकांजवळ बसावे, हे योग्यच. पण खाण तपासणे, माती पारखणे, जंगल राखणे, रेल्वे चालविणे ही धोरणे ठरविण्याची कामे नव्हेत. ती अंमलबजावणीची कामे आहेत. त्यांना राजधानीत अडवून ठेवण्याचे कारण नाही.

कोणी म्हणेल की आता सर्व कारभार संगणकावर होतो, मग कचेरी कोठे आहे याला महत्त्व कसले? काही बाबतींत हे खरे आहे. 2014 पासून निवृत्त माणसाला हयातीचा दाखला घरबसल्या अंगठ्याच्या ठशावर देता येतो. एक हेलपाटा त्यामुळे कायमचा वाचला. जो हेलपाटा असा वाचविता येईल त्यासाठी कचेरी हलविण्याचा खर्च करूच नये. परंतु खाणीचे छत खचू लागले, नदीचे पाणी गढूळ झाले, शेतजमीन खाणीखाली गेल्यावर मोबदल्याची तक्रार राहिली, तर ते पडद्यावर पाहून कळत नाही. तेथे येऊन उभे राहावे लागते, आणि उभे राहणाऱ्या अधिकाऱ्याच्या हाती तेथल्या तेथे निर्णय करण्याचा अधिकार असावा लागतो.

तेव्हा एखादी राष्ट्रीय कचेरी हलविण्याचा विचार निघेल, त्यावेळी ती कोणत्या शहराला द्यावी हा प्रश्न शेवटी विचारावा. आधी विचारावे की तिचे काम कोठे चालते, तिच्या दाराशी कोणाला यावे लागते, आणि त्या दाराआड बसलेल्या माणसास सही करता येईल काय. या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील, तर कचेरी नागपूरला असो, धनबादला असो वा उद्या बालाघाटला येवो, ती राष्ट्राच्या उपयोगी पडेल. ती तशी नसतील, तर पाटी बदलण्याचा आणि सामान वाहण्याचा खर्च तेवढा पदरी पडेल. भरवेलीच्या खाणीत उतरणाऱ्या मजुराला आपले मुख्यालय कोणत्या शहराची शोभा वाढविते याच्याशी कर्तव्य नाही. आपला अर्ज किती दिवसांत वाचला जातो, आणि तो वाचणाऱ्याने खाण कधी डोळ्यांनी पाहिली आहे काय, एवढेच त्याला हवे असते. राजधानीपासूनचे अंतर मैलांत मोजता येते. शासनापासूनचे अंतर मात्र या दोन गोष्टींनीच मोजावे लागते.