एक ग्रंथ, अनेक प्रवचनें

आमच्या अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यांत नेवासें आहे. तेथें शके १२१२ मध्यें, इ. स. १२९० सालीं, ज्ञानेश्वरी सांगितली गेली हें आपण जाणतांच. नऊ हजार ओव्यांचा तो ग्रंथ कोणीहि प्रवचनकार एका बैठकींत सांगत नाहीं. तो क्रम न मोडतां कांहीं ओव्या घेतो, कांहीं गाळतो. शहरांतील मंडळींपुढें एक प्रवचन होतें, खेड्यांतील सप्ताहांत दुसरें. ग्रंथ मात्र एकच.

आजचा विषय मेंदूचा आहे. पण त्याचें मर्म या रीतींत आहे. पेशींपेशींत जनुकांचा ग्रंथ असतो. जरूर त्या जनुकाची नक्कल पेशी आरएनए या द्रव्यांत उतरून घेते. नकलेंत अर्थाचे तुकडे असतात, ते एक्झॉन. आणि मधून मधून लांबलचक मजकूर असतो, ते इंट्रॉन. इंट्रॉन छाटून एक्झॉन जोडले कीं त्यावरून प्रथिन तयार होतें. एकनाथमहाराजांनीं शके १५०६ मध्यें प्रक्षिप्त ओव्या काढून ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, त्याची येथें आठवण होते. फरक इतकाच कीं इंट्रॉन हा निव्वळ केरकचरा नव्हे. कोठें छाटावें याच्या कित्येक खुणा त्यांतच असतात. ही छाटजोड १९७७ सालीं रिचर्ड रॉबर्ट्स व फिलिप शार्प यांच्या संशोधनांत उघडकीस आली आणि १९९३ सालीं दोघांस नोबेल पारितोषिक मिळालें.

पुढें दिसून आलें कीं एक्झॉनांचीहि निवड होते. यास शास्त्रज्ञ आल्टर्नेटिव्ह स्प्लायसिंग म्हणतात; आपण ‘निवडीची छाटजोड’ म्हणूं. मनुष्याचीं प्रथिनें घडविणारीं जनुकें सुमारें २०,०००. मातींतल्या एका सूक्ष्म कृमीचींहि जवळजवळ तितकींच! मग अंतर पडलें कशानें? त्याचें सगळें नव्हे, पण कांहीं उत्तर या निवडींत आहे. आणि ती निवड सर्वांत भरभरून चालते ती मेंदूंत. फळांवरच्या माशीचें डीस्कॅम नांवाचें एकच जनुक ३८,०१६ प्रकारें जोडलें जाऊं शकतें. माशीचीं एकूण जनुकेंहि इतकीं नाहींत. या निरनिराळ्या रूपांमुळें वाढत्या मेंदूंतील चेतापेशीस आपलीच फांदी ओळखतां येते, व ती तिच्यांत न गुंततां दूर पसरते.

शिक्षकीच्या दिवसांत ‘पोराच्या रक्तांतच बुद्धि नाहीं’ हें वाक्य मीं पालकांच्या तोंडून पुष्कळदां ऐकलें. त्यांत असें गृहीत धरलेलें असतें कीं ग्रंथ हातीं आला म्हणजे प्रवचन कळलेंच. पण २०११ सालीं उंदरांच्या चेतापेशींत असें आढळलें कीं पेशी उद्दीपित झाली म्हणजे न्यूरेक्सिन जनुकाच्या नकलेंतील निवड बदलते. आणि न्यूरेक्सिन तर दोन चेतापेशींचा सांधा जुळविणारें प्रथिन! म्हणजे अनुभवाचा स्पर्श या छाटजोडीपर्यंत पोंचतो. यावरून घोकंपट्टीनें कोणीहि पंडित होईल असें मात्र कोणीं काढूं नये. पेशींतून थेट शाळेच्या वर्गांत उडी मारणें विज्ञानास मान्य नाहीं.

उलट बाजूहि सांगितली पाहिजे. टाऊ नांवाच्या प्रथिनाचा दहावा एक्झॉन गर्भाच्या मेंदूंत गाळला जातो. प्रौढ मेंदूंत तो घेतलेलीं व गाळलेलीं रूपें साधारण निम्मीं निम्मीं असतात. १९९८ सालीं अशीं कुटुंबें पुढें आलीं कीं ज्यांच्यांत इंट्रॉनांतील एखादेंच अक्षर बदललें होतें. प्रथिनाचा मजकूर अक्षरशः तोच. बिघडलें तें केवळ प्रमाण. तेवढ्यानें प्रौढपणीं मेंदूचा ऱ्हास होऊन स्वभाव पालटतो, विचार व वाणी खुंटत जातात. वंशाचा दोष येथें खराच, पण तो मजकुराचा नव्हे, निवडीचा आहे.

निवडीचा दोष औषधानें वळवितां येतो काय? मेंदूच्या ऱ्हासांत हें अजून साधलेलें नाहीं. पण पाठीच्या कण्यांतील चेतापेशी ज्यांत मरतात त्या एसएमए रोगांत साधलें आहे. ह्या बालकांचे स्नायू दुबळे होतात, बुद्धि बहुधा तल्लख असते. त्यांचें मुख्य जनुक निकामी असतें. त्याचें जोडीचें जनुक शाबूत असतें, पण त्याचा सातवा एक्झॉन बहुतेक वेळां गाळला जातो. तो घ्यावयास लावणारें नुसिनरसेन हें औषध, एड्रियन क्रेनर व त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनांतून निघालेलें, २०१६ च्या डिसेंबरांत अमेरिकेंत मान्य झालें. तें कण्याच्या द्रवांत टोंचावें लागतें. पुढें २०२० सालीं त्याच कामाचें, पण तोंडानें घेण्याचें, रिसडिप्लाम आलें. त्याच्या एका बाटलीस आपल्याकडे लाखांनीं रुपये पडत. दिल्ली उच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर २०२५ च्या ऑक्टोबरांत एका भारतीय कंपनीनें तेंच औषध बाजारांत आणलें, तेव्हां बाटलीवर किंमत होती १५,९०० रुपये.