पांढरीच्या पोटात काय आहे?

(कडा येथील प्रौढ वर्गात सहलीच्या आदल्या रात्री केलेले भाषण)



उद्या पहाटे आपण सारे नेवाशाला निघणार. आधी एस. टी.ने नगरला जायचे. त्या शहराचे नाव आता अहिल्यानगर आहे. तिथून संभाजीनगरच्या रस्त्याने नेवासे फाटा, आणि मग गाव. नेवासे म्हटले की ज्ञानेश्वर महाराजांची आठवण होते आणि हात जोडले जातात. पण तिथे आणखीही एक ठिकाण पाहायचे आहे. काय बघायचे ते आधी ठाऊक असले, म्हणजे बघणे सार्थकी लागते. म्हणून आम्ही आज चार शब्द सांगत आहोत.

आपण शेताला काळी म्हणतो आणि गावठाणाला पांढरी म्हणतो. गावची माती पांढरी का होते? माणसे पिढ्यान्‌पिढ्या एका जागी राहतात. चुलीची राख पडते. मातीच्या भिंती ढासळतात, त्यांच्यावरच नव्या उठतात. केरकचरा, हाडे, फुटकी मडकी तिथेच गाडली जातात. अशी जागा उंच होत जाते. पुढे गाव उठून गेले, तरी पांढरीचे टेकाड मागे उरते.

नेवाशाला प्रवरेच्या काठी असेच एक टेकाड आहे. त्याला लाडमोड म्हणतात. 1954 ते 1956 या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. सांकलिया आणि त्यांचे सहकारी यांनी तिथे उत्खनन केले. घरात गोधड्यांची चळत असते ना? सगळ्यांत खालची गोधडी आधी ठेवलेली, वरची शेवटी. मातीचे थरही तसेच. वरच्या थरांत मुसलमानी अमलाच्या आणि मराठेशाहीच्या काळच्या वस्तू निघाल्या. खाली सातवाहन राजांचा काळ लागला. तिथे रोमच्या मुलखातून आलेल्या सुरयांची खापरे मिळाली. म्हणजे बघा, दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या मुलखाचा व्यापार समुद्रापार चालत होता! त्याच्याही खाली तीन हजार वर्षांहून जुनी वस्ती होती. आणि नदीच्या दगडगोट्यांत तर लाखावर वर्षांपूर्वीची दगडी हत्यारे सापडली.

त्या तीन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांना लोखंड माहीत नव्हते. तांबे होते, पण थोडे. कापायला गारगोटीच्या पात्या वापरायचे. तांबड्या मडक्यांवर काळी नक्षी काढायचे. घरात मूल दगावले तर ते लांब नेऊन पुरत नसत. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची, त्यांत मुलाला ठेवायचे, आणि घराच्या जमिनीखालीच पुरायचे. एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ तशीच राहिली होती. मण्यांत दोराही शिल्लक होता. तो सुताचा नि रेशमाचा होता. एरवी दोरा मातीत कुजून जातो. पण तांब्याच्या गंजामुळे तो टिकला. आईबापाचं काळीज तेव्हाही असंच होतं, नाही का?

मेलेल्यांची आठवण ठेवण्याच्या तऱ्हा निरनिराळ्या असतात. नागपूरजवळ जुनापाणी येथे मोठमोठे धोंडे गोल मांडलेले आहेत. अशी सुमारे 300 वर्तुळे तिथे आहेत. काही धोंड्यांवर वाटीसारखे लहान खळगे कोरलेले आहेत. 1961 च्या सुमारास भारत सरकारच्या पुरातत्त्व खात्याने त्यांतली काही वर्तुळे खणून पाहिली. ती जुन्या लोकांची दफनाची ठिकाणे आहेत. त्या लोकांना मात्र लोखंड ठाऊक होते.

आता महत्त्वाची गोष्ट. पांढरीची माती शेताला चांगली, भिंतीला चांगली, म्हणून लोक गाड्या भरून नेतात. रानातले धोंडे बांधाला लावतात. कुणाचा वाईट हेतू नसतो. पण चळतीच्या मधूनच गोधडी ओढली की सगळी चळत कोसळते. मग खालचे कोणते नि वरचे कोणते, हे कुणालाही सांगता येत नाही. त्या लोकांनी काही लिहून ठेवलेले नाही. माती हीच त्यांची पोथी. ती एकदा विसकटली की पुन्हा जुळत नाही.

प्रवरेच्याच काठी दायमाबाद आहे. तिथे 1974 साली एका भिल्ल बांधवाला खणताना धातूच्या चार वस्तू सापडल्या. बैलांचा रथ, रेडा, हत्ती आणि गेंडा. सगळ्यांचे मिळून वजन 60 किलोहून जास्त! मोडीत गेल्या असत्या तर चार पैसे मिळाले असते, आणि ते सरलेही असते. त्या वाचल्या, म्हणून आज जगभरचे विद्वान दायमाबादचे नाव घेतात. शेतात असे काही निघाले तर ते लपवू नका, वितळवू नका. तलाठ्याला सांगा, तहसील कचेरीत कळवा. 1878 चा कायदाच आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडला, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते.

टेकाड पाहून झाले की भाकरी खाऊ. मग पैसाच्या खांबाचे दर्शन घेऊ. या खांबाला टेकून ज्ञानेश्वर महाराजांनी शके 1212 मध्ये, म्हणजे इसवी सन 1290 मध्ये, गीतेचा अर्थ मराठीत सांगितला, असे मानतात. ज्यांना संस्कृत येत नव्हते, त्यांच्यासाठी त्यांनी हे केले. खांबावर जुना लेख कोरलेला आहे. त्यातले एखादे अक्षर ओळखता येते का, ते जरूर बघा.

शेवटी एक विनंती. टेकाडावरचे खापर खिशात घालू नका. जिथले तिथे राहू द्या. आणि आपल्याला आता नाव लिहिता येते. मोठ्या कष्टाने आपण ते शिकलो. ते वहीत लिहा, खातेपुस्तकात लिहा, अर्जावर लिहा. खांबावर आणि भिंतीवर मात्र लिहू नका. तिथे आधीच कुणीतरी लिहून ठेवले आहे. ते आपण वाचायचे आहे.